वर्णनात्मक सूची व संलग्न विदा

वर्णनात्मक सूची व संलग्न विदा : ग्रंथ, हस्तलिखित, शिलालेख वा तत्सम वस्तू प्रत्यक्ष समोर नसतानाही तिची ओळख पटावी आणि तिच्याविषयी विश्वसनीय कल्पना यावी, अशा रीतीने केलेल्या नोंदींच्या संग्रहास वर्णनात्मक सूची म्हणतात. शीर्षक, कर्ता व क्रमांक एवढेच देणाऱ्या नामसूचीहून ती भिन्न होय. वस्तूचे बाह्य स्वरूप, तिच्यावरील मजकुराचा आरंभ व अंत, लेखकाची अथवा दात्याची माहिती, झीज व त्रुटी आणि सूचिकाराचा स्वतःचा अभिप्राय यांचा तिच्यात समावेश असतो. या घटकांतील भेद छापील पृष्ठावर शब्दांनी क्वचितच सांगितलेला असतो. तो कंस, ठळक वा तिरपा ठसा, ओळींची मोड, श्लोकांची मांडणी व तळटिपा यांच्या साहाय्याने दाखविला जातो. म्हणजे वर्णनाचे रूप हा त्याच्या अर्थाचाच एक भाग असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूची संगणकावर आल्या आणि एकविसाव्या शतकात त्या ‘लिंक्ड डेटा’ म्हणजे संलग्न विदा या पद्धतीने परस्परांशी जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा या रूपाचे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्रात नव्याने उपस्थित झाला. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात दगडावरील प्राचीन लेखांची आणि लोणावळ्यात योगविषयक हस्तलिखितांची वर्णने तयार करण्याचे काम दीर्घकाळ झाले असल्याने हा प्रश्न तेथील उदाहरणांवरून चांगला समजतो.

शिलालेखांची वर्णने : कार्ले, भाजे व बेडसे येथील बौद्ध लेणी मावळात एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. तेथील लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून बहुतेक दानपर आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांची नावे व त्यांची गावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनांचा उल्लेख वारंवार येतो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचे एका लेखात सांगितले आहे, तर नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे दुसऱ्या लेखावरून कळते. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे प्राचीन नाव होय.

जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतर या लेखांच्या वाचनाला गती आली. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. फ्रेंच पंडित एमील सनार यांनी कार्ल्याच्या लेखांचे संपादन एपिग्राफिया इंडिका या नियतकालिकाच्या सातव्या खंडात (१९०२-०३) केले. त्यानंतर हाइन्‍रिख ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची यादी त्याच नियतकालिकाच्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून १९१२ मध्ये बाहेर पडली. ल्यूडर्सच्या यादीतील नोंद अगदी आटोपशीर असते : अनुक्रमांक, स्थान, पूर्वीच्या वाचनांचे निर्देश आणि लेखाचा सारांश. तथापि तिचे महत्त्व तिच्या क्रमांकांत आहे. पुढील अभ्यासकांनी वाचनात कितीही फरक केले, तरी लेखाचा निर्देश त्या क्रमांकानेच होत राहिला. वस्तूचे वर्णन बदलते, पण तिचे अभिधान स्थिर राहते, हे जे तत्त्व संलग्न विदेच्या मुळाशी आहे, ते या यादीने शंभर वर्षांपूर्वीच व्यवहारात आणले होते.

लेखांच्या वाचनात चौकोनी कंसाला फार मोल आहे. दगड झिजून नाहीशी झालेली अक्षरे संपादकाने अनुमानाने भरली, तर ती कंसात घालावयाची. संशयित अक्षर वेगळ्या खुणेने दाखवावयाचे. मुळात नसलेले पण अर्थासाठी जोडलेले अक्षर आणखी वेगळ्या कंसात द्यावयाचे, अशी ही शिस्त आहे. संपादकागणिक या खुणा बदलत असत. ग्रीक व लॅटिन लेखांसाठी त्यांचे एकीकरण १९३१ मध्ये लायडन येथील परिषदेत झाले आणि त्या संकेतांना त्या शहराचे नाव मिळाले.

कंस गळाला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण कार्ल्यातच आहे. तेथील एका लेखात मामाल येथील अमात्याला आज्ञा दिलेली असून ‘मामाल आहारा’तील करजक गाव भिक्षुसंघास दिल्याचे म्हटले आहे. मामाल हे मावळ या नावाचे प्राचीन रूप मानले जाते. साहजिकच या प्रदेशाच्या इतिहासात हा लेख अत्यंत महत्त्वाचा ठरतो. परंतु त्याचा प्रारंभीचा भाग नष्ट झाला आहे व आज्ञा देणाऱ्या राजाचे नाव त्याबरोबर गेले आहे. हा राजा गौतमीपुत्र सातकर्णी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि त्या मताला चांगला आधारही आहे. कारण क्षहरातांचा पाडाव झाल्यावर उषवदाताच्या जुन्या दानाची नव्या सत्तेने पुन्हा व्यवस्था लावणे सुसंगत दिसते. तरीही ते अनुमानच होय. छापील संपादनात ते अनुमान म्हणूनच दिसते. तीच माहिती सारणीच्या ‘राजा’ या रकान्यात साध्या अक्षरांत उतरली, की अनुमान व वाचन यांतील भेद पुसला जातो. पुढे तो रकाना शेकडो ठिकाणी नकलला जातो आणि दगडावर नसलेले नाव दगडावर आहे, असा समज रूढ होतो.

धेनुकाकटाची गोष्टही अशीच आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. कोणी ते आंध्रातील धरणीकोटाशी जोडले, तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या आसपासच शोधले. संगणकीय नकाशावर स्थळ दाखवावयाचे तर अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. बिंदू संशय दाखवू शकत नाही. संशयाला वाक्य लागते, आणि ते वाक्य कोणाचे, हेही सांगावे लागते.

हस्तलिखितांच्या सूची : मुंबई सरकारने १८६६ च्या सुमारास हस्तलिखितांच्या संशोधनाचे व संग्रहाचे कार्य सुरू केले. गेऑर्ग ब्यूलर, फ्रांट्स कीलहोर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर इत्यादींनी या शोधाची प्रतिवृत्ते लिहिली. हा संग्रह प्रथम पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होता. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तो तेथे नेण्यात आला. या संग्रहाच्या वर्णनात्मक सूचीचे खंड विसाव्या शतकात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाले. दरम्यान जर्मन पंडित टेओडोर आउफ्रेख्ट यांनी त्या काळापर्यंतच्या सूचींचे एकत्रीकरण करून कातालोगुस कातालोगोरुम म्हणजे ‘सूचींची सूची’ तीन भागांत (१८९१, १८९६ व १९०३) सिद्ध केली. मद्रास विद्यापीठाने तिची नवी व विस्तृत आवृत्ती करण्याचे काम १९३५ मध्ये हाती घेतले.

हस्तलिखिताच्या वर्णनात पत्रसंख्या, पत्राची लांबीरुंदी, पृष्ठावरील ओळी, लिपी, लेखनसामग्री, पूर्ण की अपूर्ण, आरंभ, अंत व पुष्पिका हे घटक सामान्यतः येतात. यांपैकी पहिले काही रकान्यांत बसतात. आरंभ, अंत व पुष्पिका बसत नाहीत. पुष्पिकेत नकलनवीस आपले नाव, तिथी, गाव, कधी आश्रयदात्याचे नाव देतो, कधी वाचकाची क्षमा मागतो. त्याच्या लेखनातील अशुद्धी सूचिकाराने तशीच ठेवावयाची असते आणि आवश्यक तेथे कंसात शुद्ध रूप सुचवावयाचे असते. एकाच परिच्छेदात नकलनवीस, मूळ ग्रंथकार व सूचिकार असे तिघे बोलत असतात आणि कोण केव्हा बोलतो हे केवळ ठशावरून व कंसावरून कळते.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात तेथील ग्रंथांचे व हस्तलिखितांचे नुकसान झाले. मूळ वस्तूला धोका पोहोचतो, तेव्हा पूर्वी केलेले वर्णनच साक्षीदार म्हणून उरते. म्हणून त्यातील कोणता शब्द मुळातला व कोणता सूचिकाराचा, हे निःसंदिग्ध असणे आवश्यक असते.

लोणावळा : स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांची शरीरशास्त्रीय परीक्षा हे या संस्थेचे कार्य सर्वश्रुत आहे. त्यामानाने तिचे ग्रंथसंशोधन कमी परिचित असले, तरी ते कमी मोलाचे नाही. योगाचे प्रयोग करावयाचे, तर मूळ ग्रंथ काय सांगतात हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी हस्तलिखिते गोळा करून पडताळावी लागतात. या विभागातून गोरक्षशतक (१९५८), हठप्रदीपिका (१९७०) व घेरण्डसंहिता (१९७८) यांची संपादने बाहेर पडली. म. ल. घरोटे व वि. अ. बेडेकर यांनी केलेली योगविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तिची अद्ययावत आवृत्ती २००५ मध्ये निघाली. घरोटे यांनी १९९६ मध्ये लोणावळ्यासच आणखी एक योगसंस्था स्थापन केली व तिच्या वतीनेही हस्तलिखितांवर आधारलेली संपादने प्रकाशित झाली.

वर्णनात्मक सूचीची गरज किती खरी आहे, हे स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेवरून दिसते. पंधराव्या शतकातील हा ग्रंथ हठयोगप्रदीपिका या नावानेही ओळखला जातो. प्रचलित आवृत्तीत त्याचे चार उपदेश आहेत. स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेल्या कैवल्यधामाच्या आवृत्तीत पाचवा उपदेश आहे. सदोष अभ्यासामुळे उद्भवणाऱ्या विकारांवरील उपचार हा त्याचा विषय. घरोटे यांच्या संस्थेने २००१ मध्ये काढलेली आवृत्ती तर दहा अध्यायांची आहे. एक नाव, एक कर्ता आणि तीन वेगवेगळे विस्तार. नामसूचीत या तिन्ही परंपरांच्या पोथ्या एकाखाली एक सारख्याच दिसतील. कोणत्या पोथीत काय आहे, शेवटच्या उपदेशाची पुष्पिका कशी आहे, हे वर्णनात पाहिल्यावाचून त्यांचे वर्गीकरण करता येणार नाही. ब्रिटन व जर्मनीतील विद्वानांनी २०२१ पासून या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती संगणकीय स्वरूपात तयार करण्याचा जो प्रकल्प हाती घेतला, त्याची भूमीही अशा सूचींनीच तयार केली, असे म्हणावयास हरकत नाही.

संगणकीय सूची : अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकात ‘मार्क’ ही यंत्रवाच्य नोंदीची पद्धती विकसित झाली. सूचिपत्रे छापण्यासाठी ती योजलेली होती व त्या कामी ती यशस्वी ठरली. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला तीन अंकी क्रमांकाचा रकाना असतो. सर्वसाधारण टीप ५०० मध्ये, अनुक्रम ५०५ मध्ये, सारांश ५२० मध्ये. टीप किती मोठी असावी याला फारसे बंधन नाही, पण तिच्यात परिच्छेद पाडता येत नाही, तिरपा ठसा देता येत नाही, श्लोकाची ओळ मोडता येत नाही. रसायनशास्त्रीय सूत्रांसाठी शिरोंक व पादांक यांची सोय मात्र आरंभीच्या अक्षरसंचात केलेली होती. योगावरील पोथीची पुष्पिका ज्या काळजीने जतन करावयास हवी, ती पाण्याच्या रेणुसूत्रातील दोनाच्या वाट्याला आली. सूचिकारांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. कोणी ओळ कोठे मोडते हे तिरक्या रेघेने दाखविले, कोणी संकेतस्थळांच्या एचटीएमएल या भाषेतील खुणा सरळ रकान्यात टाकल्या. दुसऱ्या ग्रंथालयाच्या पडद्यावर त्या खुणा कोनी कंसांसह जशाच्या तशा उमटत आणि वर्णन वाचणे अशक्य होई.

मराठी वाचकाला या अडचणीचे एक रूप चांगलेच परिचित आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी मजकूर बहुधा विशिष्ट टंकांच्या आधारे संगणकावर साठविला जाई. संगणकाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरांचा समूह असे. टंक लावला म्हणजे तो देवनागरी दिसे. टंक हरवला की लेख हरवला. येथे लिपी हीच सजावट होऊन बसली होती, आणि सजावट मजकुरापासून सुटताच अर्थ नाहीसा होत होता. युनिकोड या सर्वभाषिक अक्षरसंचात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होती; ब्राह्मी लिपी त्यात २०१० मध्ये व मोडी २०१४ मध्ये आली. कार्ल्याचा लेख ज्या लिपीत कोरला त्याच लिपीत सूचीमध्ये नोंदविणे तेव्हापासून शक्य झाले. परंतु युनिकोडने अक्षरांची ओळख पक्की केली. त्या अक्षरांना लावलेल्या कंसाचा अर्थ पक्का केला नाही. कंस हेही त्याच्या लेखी एक अक्षरच.

संलग्न विदा : टिम बर्नर्स-ली यांनी संलग्न विदेची तत्त्वे २००६ मध्ये मांडली. प्रत्येक वस्तूला जागतिक जाळ्यावरील एक स्थिर पत्ता द्यावा, त्या पत्त्यावर गेल्यास तिच्याविषयीची माहिती मिळावी आणि त्या माहितीत इतर वस्तूंचे पत्ते असावेत, हे त्यांचे सार होय. माहिती ‘आरडीएफ’ या आराखड्यानुसार छोट्या विधानांत मांडतात. विधानाचे तीन घटक असतात : वस्तू, संबंध व मूल्य. ‘या पोथीचा–कर्ता–स्वात्माराम’ हे एक विधान. यातील स्वात्माराम हा शब्द नसून पत्ता असला, तर जगातील ज्या ज्या सूचीने तोच पत्ता वापरला असेल, तेथवर वाचकाला जाता येते. कोशांतील ‘पहा’ या निर्देशाचेच हे यांत्रिक व सर्वसंचारी रूप म्हणता येईल. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मार्कच्या जागी येऊ शकेल असा ‘बिबफ्रेम’ हा नमुना २०१२ मध्ये मांडला व २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. स्वीडनची लिब्रिस ही राष्ट्रीय संयुक्त सूची २०१८ मध्ये अशाच पद्धतीवर चालू लागली. बिबफ्रेममध्ये कृती, तिचा आविष्कार व प्रत्यक्ष प्रत असे तीन स्तर मानले आहेत. हठप्रदीपिकेसारख्या ग्रंथाला ही विभागणी उपयुक्त आहे. मात्र चार, पाच व दहा भागांच्या परंपरा एकच कृती मानावयाच्या की तीन, हा निर्णय नमुना घेत नाही. तो संपादकालाच घ्यावा लागतो, आणि त्याची कारणे पुन्हा वर्णनातच लिहावी लागतात.

वर्णनाचा प्रश्न या विधानांच्या तिसऱ्या घटकापाशी येतो. मूल्य हे पत्ता नसून मजकूर असेल, तेव्हा तो कसा ठेवावा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रूप टाकून देऊन केवळ अक्षरे ठेवणे. शोध घेण्यास ते सोयीचे असते, आणि लहान टिपांना त्याने काही बाधही येत नाही. पुष्पिकेसारख्या मजकुराचे मात्र त्यात नुकसान होते. दुसरा मार्ग सर्व खुणा साध्या अक्षरांप्रमाणे मूल्यातच ठेवण्याचा. तो सर्रास वापरला जातो, परंतु हा मजकूर खुणांसह वाचावयाचा की खुणा हा मजकुराचाच भाग आहे, हे यंत्राला कळण्यास काही साधन उरत नाही. कंस कोनी असतात एवढ्यावरून अंदाज बांधणे हे शास्त्र नव्हे. आरडीएफच्या १९९९ च्या मूळ आराखड्यात ‘एक्सएमएल’ खुणांसह मजकूर ठेवण्याची सोय होती. २००४ मध्ये तिला स्वतंत्र मूल्यप्रकाराचे रूप मिळाले आणि २०१४ च्या सुधारित आराखड्यात एचटीएमएलसाठीही वेगळा मूल्यप्रकार सुचविण्यात आला. यामुळे मजकूर कोणत्या खुणांचा आहे हे उघडपणे सांगता येऊ लागले.

तथापि येथे एक अडचण आहे व ती भारतीय भाषांना विशेष जाचते. २०१४ च्या आराखड्यानुसार मूल्याला एक तर भाषेची खूण लावता येते, नाही तर एचटीएमएलसारखा मूल्यप्रकार. दोन्ही एकाच वेळी लावता येत नाहीत. साध्या मजकुरास तो मराठी आहे, संस्कृत आहे किंवा इंग्रजी आहे असे सांगता येते, परंतु तोच मजकूर परिच्छेद व तिरप्या ठशासह ठेवला की भाषेची बाहेरची खूण काढून घ्यावी लागते व ती मजकुराच्या आतील खुणांत लपवावी लागते. ‘मराठी वर्णने तेवढी दाखवा’ अशी विचारणा केल्यास अशा नोंदी सुटतात. इंग्रजीतच काम करणाऱ्या ग्रंथालयाला हे फारसे जाणवत नाही. ज्या सूचीत मूळ पाठ संस्कृत, पुष्पिका मराठी व सूचिकाराची टीप इंग्रजी असे मिश्रण नेहमीचेच असते, तिला मात्र रूप राखावे की भाषा राखावी अशी निवड करणे परवडत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा अधिक शिस्तीचा मार्ग म्हणजे वर्णनालाच स्वतंत्र वस्तू मानणे. पोथीला एक पत्ता, तिच्या वर्णनाला दुसरा. मग वर्णनाविषयी वेगवेगळी विधाने करता येतात : त्याचा मजकूर हा, त्याचे खुणांचे स्वरूप हे, त्याची भाषा ही, ते लिहिणारा हा आणि लिहिल्याचे वर्ष हे. जागतिक जाळ्यावरील टिपणांसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या प्रमाणात हीच योजना आहे. तिच्यात मजकुराचे स्वरूप व भाषा यांसाठी दोन निराळे रकाने असल्याने वरील विरोध उरत नाही. हस्तलिखितांच्या छायाचित्रांच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ट्रिपल-आयएफ’ या प्रमाणाच्या २०२० मधील आवृत्तीने थोडा वेगळा तोडगा काढला. तिच्यात प्रत्येक सारांश भाषेनुसार विभागलेला असतो आणि त्यात एचटीएमएलच्या मोजक्याच खुणा चालतात : परिच्छेद, ओळमोड, ठळक व तिरपा ठसा, शिरोंक व पादांक, दुवा, चित्र आणि एकदोन इतर. एवढ्यावरच थांबण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. वर्णनाच्या आडून एखादी घातक आज्ञावली वाचकाच्या यंत्रात शिरू नये, म्हणून अनोळखी खुणा गाळून टाकाव्यात असा संकेत आहे. श्लोकासाठी वेगळी खूण तेथे नाही. ओळमोडीवर भागवावे लागते. वाचकापुरते ते पुरेसे असले, तरी हा श्लोक आहे की पत्ता, हे यंत्राला त्यावरून समजत नाही.

दिसणे व असणे यांतील हा फरक शिलालेखांच्या अभ्यासकांनी आधीच ओळखला होता. ‘टीईआय’ ही साहित्यकृतींच्या अंकनाची पद्धती आहे. तिच्यावर आधारलेला ‘एपिडॉक’ हा शिलालेखांसाठीचा संच १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आकारास येऊ लागला. त्यात चौकोनी कंस लिहीत नाहीत. ‘ही अक्षरे नष्ट झाली असून संपादकाने भरली आहेत’ असे अंकन करतात. पडद्यावर कंस दाखवावयाचा की रंग, हे नंतर ठरते. मामालच्या अमात्याला पाठविलेल्या आज्ञेतील राजाचे नाव अशा अंकनात भरले, तर ते कोणत्याही सारणीत गेले तरी आपल्या मागे ‘अनुमित’ हा शब्द घेऊन जाते. अशी अंकित संहिता संलग्न विदेच्या मूल्यात कोंबण्याचे कारण नसते. ती स्वतंत्र दस्तऐवज म्हणून ठेवून तिचा पत्ता तेवढा सूचीत द्यावा आणि शोधासाठी साध्या अक्षरांतील सारांश सोबत ठेवावा, हे जास्त सोयीचे ठरते. यात श्रम अर्थातच पुष्कळ आहेत. एका पुष्पिकेचे असे अंकन करण्यास संस्कृत, जुनी मराठी व लिपिशास्त्र यांची जाण असणारा माणूस लागतो, आणि असे मनुष्यबळ यंत्रांइतक्या सहज मिळत नाही.

भारत सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले व देशभरातील हस्तलिखितांच्या नोंदी ठरावीक रकान्यांच्या नमुन्यावर गोळा केल्या. संख्येच्या दृष्टीने हे काम मोठे आहे आणि रकान्यांवाचून ते झालेही नसते. परंतु लोणावळ्यात व पुण्यात तयार झालेल्या छापील वर्णनात्मक सूचींतील माहिती अशा रकान्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. ती संगणकावर आणताना पृष्ठाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे यंत्राकडून ओळखून घेण्याचा मार्ग सामान्यतः अवलंबिला जातो. अक्षरे त्यामुळे येतात. ठशांतील फरक, समासातील खूण, तळटिपेचा क्रमांक या गोष्टी बहुधा मागे राहतात. शिरोंकाच्या जागी साधा अंक आला, तर टीप ३ चा निर्देश पत्रसंख्येला चिकटून १२ पत्रांची पोथी १२३ पत्रांची होते. त्यामुळे छापील सूची संगणकावर आणताना प्रथम तिची प्रस्तावना व खुणांचा तक्ता वाचून प्रत्येक खुणेला अंकनातील कोणती संज्ञा लावावयाची हे ठरवितात आणि मगच नोंदींना हात घालतात. मूळ छापील सूचीचा खंड, पृष्ठ व अनुक्रमांक नव्या नोंदीत राखणेही आवश्यक असते; कारण संशय आल्यास वाचकाला परत त्याच पानावर जावे लागते, आणि तेथून, ती अद्याप सुस्थितीत असल्यास, पोथीकडे.